साखरेचा वॉश: एका बादलीत टोमॅटो, दुसरीत बीट

यंदाच्या हिवाळ्यात क्राइस्टचर्चच्या आमच्या गॅरेजमध्ये दोन वॉश, म्हणजे मद्य गाळण्यासाठी आंबवायचं साखरेचं पाणी, शेजारी-शेजारी लावले आहेत. साखर जवळपास तेवढीच, यीस्ट तेच, पाणी तेच. फरक फक्त भाजीचा. एकीत टोमॅटो पेस्ट, दुसरीत लाल बीट. दोन्ही आता आंबून शांत झालेत, म्हणून आकडे मांडतो.

आधी कायद्याचं. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं मद्य घरी डिस्टिल करता येतं, म्हणजे वॉश उकळून वाफेतून अर्क काढता येतो, पण विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली हा सरळ गुन्हा आहे. तिकडच्या मंडळींनी ही नोंद आंबवण्याच्या शास्त्रापुरतीच वाचावी.

वॉशमध्ये भाजी कशाला, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. चवीसाठी नाही आणि साखरेसाठी तर नाहीच. पांढरी साखर म्हणजे निव्वळ सुक्रोज. त्यात नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही, जीवनसत्त्वं नाहीत. नुसत्या साखरेच्या पाण्यात यीस्ट सुरुवातीला जोरात फसफसतं, मग रेंगाळतं, आणि उपाशी यीस्टमधून सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड. टोमॅटो पेस्टमध्ये अमिनो आम्लं, पोटॅशियम, फॉस्फेट आणि थोडा आंबटपणा असं सगळं एकत्र मिळतं. आपल्याकडे हातभट्टीच्या रसायनात गुळाबरोबर नवसागर टाकतात, त्यातल्या अमोनियाचा नायट्रोजनही यीस्टच्याच पोटात जातो. पण बाजारात मिळणारा नवसागर हा कल्हईवाल्याच्या कामाचा, खाण्याच्या दर्जाचा नव्हे. शिवाय वॉशमध्ये अमोनिया उरला आणि तो डिस्टिल करायच्या तांब्याच्या नळीतून गेला की अर्क निळसर उतरतो. भाजी वापरली की ही भानगडच राहत नाही.

टोमॅटोची बादली: साखर ४ किलो, पेस्ट १६० ग्रॅम, दोन लिंबांचा रस, सगळं मिळून २५ लिटर, आणि ब्रेडचं साधं यीस्ट ६० ग्रॅम. पेस्ट घेताना डब्यामागची बारीक अक्षरं वाचाच. मीठ नको आणि सॉर्बेट किंवा बेंझोएट तर अजिबात नको. हे दोन्ही यीस्टला रोखायलाच घातलेले असतात.

बीटच्या बादलीला जास्त मेहनत पडली. ३ किलो बीट सोलून किसलं आणि ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं. बीटसाखरेच्या कारखान्यातही साधारण याच तापमानाला चकत्यांतून साखर काढतात, कारण त्या उष्णतेला पेशींच्या भिंती सैलावतात आणि आतली साखर बाहेर येते. लाल बीटमध्ये साखर सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३ किलोतून जेमतेम २०० ग्रॅम. तेवढी वजा करून पोत्यातली साखर ३.८ किलो घेतली. दोन्हीकडे सुरुवातीची घनता १.०६१ आली (साधं पाणी १.०००; साखर आंबत गेली की आकडा उतरतो). तुलना करायची तर हे जुळणं महत्त्वाचं, नाहीतर जिची साखर जास्त तीच बादली उशिरा संपणार आणि दोष भाजीला लागणार.

बीट सोलायचा कंटाळा करू नका. बीटला जो मातकट वास असतो तो जिऑस्मिनचा, आणि ते सालीत सगळ्यात जास्त असतं. हा पदार्थ वाफेबरोबर उडून अर्कात येतो. नाकाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो की पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आपल्याला लांबून येतो, तोही याचाच. आम्लात जिऑस्मिन विघटतं, म्हणून बीटमध्ये लिंबाचा रस दुप्पट घातला.

पाण्याबद्दल थोडं. या शहराच्या नळाला २०१८ पर्यंत क्लोरीन नव्हतं, जमिनीखालचं पाणी थेट यायचं. आता क्लोरीन येतं, म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरतो.

गॅरेज थंडगार, तेव्हा दोन्ही बादल्यांना हीट बेल्ट लावून २८ अंश धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोच्या बादलीवर तपकिरी-केशरी फेसाचा जाड थर होता आणि एअरलॉक, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी झाकणावरची नळी, थांबायलाच तयार नव्हता. बीटचा फेस गुलाबी आणि विरळ, बुडबुडे संथ. संध्याकाळी घनता टोमॅटोची १.०४४, बीटची १.०५१. झाकण उघडून वाकलं की वायू नाकात झोंबतो, हे गमतीचं नाही. ४ किलो साखरेतून सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे हजार लिटरच्या वर. बंद खोलीत हे करू नका.

आता पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जेवढा कमी तेवढं आंबट), कारण साखरेच्या वॉशचा खरा घात तिथेच होतो. रस किंवा धान्याच्या वॉशमध्ये आम्लता सांभाळणारी द्रव्यं असतात, साखरेच्या पाण्यात जवळपास काहीच नसतं. यीस्ट स्वतःच आम्ल सोडत जातं, पीएच घसरत ३ च्या जवळ गेला की काम अर्ध्यात थांबतं आणि साखर तशीच शिल्लक राहते. दोन्हीची सुरुवात ५ ला होती. टोमॅटोचा वॉश निम्म्यावर असताना ३.४ दाखवू लागला, तेव्हा कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा मूठभर कापडी पिशवीत बांधून आत सोडला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वॉश जेवढा आंबट होईल तेवढाच तो विरघळतो, त्यामुळे जास्त पडण्याची धास्ती नाही. खायच्या सोड्यापेक्षा मला हा उपाय कितीतरी पसंत आहे. सोडा एकदम पीएच उडवतो आणि फेस झाकणाबाहेर येतो. बीटचा वॉश मात्र लिंबू दुप्पट असूनही ३.८ च्या खाली गेला नाही. त्याला चुऱ्याची गरजच पडली नाही, आणि या तुलनेतून मला मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

आठवडा उलटता उलटता टोमॅटो ०.९९० वर थांबला. दोन दिवस लागोपाठ तोच आकडा आला तेव्हाच संपला असं धरलं, एअरलॉक गप्प झाला म्हणून नव्हे. हिशेबाने मद्यार्क ९.३ टक्के. बीट आणखी काही दिवस घेऊन ०.९९२ वर आला. लाल रंग पार फिकटून कांद्याच्या सालीसारखा झालाय. मातकटपणा वासात आहे, पण पुसट.

साखर ५-६ किलो घालून चौदा टक्क्यांपर्यंत ताणणारे बरेच आहेत. मी त्या मताचा नाही. घट्ट पाकात यीस्टवर ताण येतो, घशाला जाळणारे जड मद्यार्क वाढतात, आणि वेळ वाचतो म्हणावं तर शेवटचे आकडे उतरायला निम्मा काळ जातो.

सध्या दोन्ही बादल्या बेल्ट काढून थंडीत ठेवल्यात, यीस्ट तळाला बसावं म्हणून. पूर्वी माठातलं पाणी निवळीचं बी उगाळून निवळायचे, इथे तेच काम बेंटोनाइट माती करते. टोमॅटोचा वॉश वरून काडेपेटीचं चित्र तळाशी दिसेल इतका स्वच्छ झाला, तो सायफनने गाळावरून काढून घेतलाय. गाळासकट बॉयलरमध्ये, म्हणजे वॉश उकळायच्या भांड्यात, गेला तर यीस्ट तळाला करपतं आणि तो वास मग कशानेही जात नाही. बीट अजून धुरकट आहे. टोमॅटो या शनिवारी चढवणार, गॅरेजचं दार उघडं ठेवून. बीटला अजून एक आठवडा देतो, आणि चढवण्याआधी पुन्हा एकदा वास घेऊन ठरवतो की एकदाच डिस्टिल करायचा की दोनदा.