फायरमनच्या परीक्षेत मी एकदा नापास झालो

आमच्या बार्शीच्या घरी तांब्याचा बंब होता आणि तो पेटवायचं काम माझ्याकडे असायचं. तेवढ्या भांडवलावर मी चाळिशीत वाफेच्या इंजिनाचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, व्हायला निघालो.

बर्मिंगहॅमहून दोन-एक तासांवर, वेल्समध्ये, वेल्शपूल–लानव्हायर ही नॅरोगेज रेल्वे आहे. (लानव्हायरच्या सुरुवातीला वेल्श लोक जो डबल एल म्हणतात, तो मी इथे साधा 'ल' लिहिलाय. 'ळ'चा एवढा अभिमान बाळगणारे आपण, पण तो काही जिभेवर बसत नाही.) १९०३ साली सुरू झालेली ही लाईन १९५६ला बंद पडली. मग हौशी मंडळींनी ती हातात घेतली आणि १९६३पासून पुन्हा गाड्या धावू लागल्या. मला तिकडे ओढलं ते गेजनं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरानं. अडीच फूट! आमच्या बार्शी लाइट रेल्वेचं तेच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरनं १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी मार्ग सुरू केला तो याच मापाचा. आता तिकडे ब्रॉडगेज झालंय. लहानपणी वारीच्या दिवसांत टपावर बसलेली माणसं पाहिली होती, ती गाडी गेली. तेच अंतर राखून दोन रूळ परदेशात पुढ्यात आले, तेव्हा मी वाकून चक्क हात लावून बघितला.

काम फुकट करायचं, पण म्हणून कोणी लगेच फावडं हातात देत नाही. आधी मेडिकल, नियमांचं पुस्तक, मग पहिला हंगामभर क्लीनर. क्लीनर म्हणजे चिंध्या, तेल आणि ग्रीस. इंजिनाच्या पोटाखाली शिरून राख ओढायची, धुराड्याखालच्या पेटीतली काजळी काढायची. काजळी कानात, नाकात, सोमवारी ऑफिसात नखांत. या दिवसांबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. कंटाळा येतो, पण कुठला नट कुठे आहे हे पाठ होतं.

खरी शाळा इंजिन पेटवण्यापासून. गाडी दहाला असली तरी पहाटे पाचला शेडमध्ये हजर. काडी ओढण्याआधी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, कारण भट्टीच्या माथ्यावर पाणी हवंच. ते खाली गेलं की माथ्यातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते. प्लग वितळू देणाऱ्या फायरमनची काय किंमत राहते ते विचारू नका. मग ढलप्या, तेलाच्या चिंध्या, त्यावर मूठ-मूठ कोळसा. घाई केली तर लोखंड एकीकडे तापतं, दुसरीकडे गार राहतं, आणि जोड सुटायला लागतात. बंबाला असली नाटकं नव्हती.

इंजेक्टरनं तर मला महिनाभर रडवलं. बॉयलरमधल्याच वाफेच्या जोरावर त्याच बॉयलरमध्ये पाणी ढकलायचं! आधी पाणी सोडायचं, मग वाफ, मग दोन्हींचा मेळ बसेपर्यंत चाक हळूहळू फिरवायचं. जमलं की खालच्या नळीतून गळणारं पाणी थांबतं आणि आतून बारीक गुणगुण ऐकू येते. नाही जमलं तर पायावर गरम पाणी.

परीक्षेच्या दिवशी वेल्शपूल सोडलं की गोल्फा नावाचा चढ लागतो, २९ला १, म्हणजे २९ फुटांमागे एक फूट वर. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं: कोळसा कोंबला. काळा धूर. काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेला कोळसा, हे पुस्तकात मीच अधोरेखित केलं होतं. दाबाचा काटा खाली यायला लागला, काचेतलं पाणीही उतरलेलं दिसलं, म्हणून इंजेक्टर लावला. त्या गार पाण्यानं उरलासुरला दाबही गेला. चढाच्या मध्यावर गाडी उभी. डब्यातली माणसं खिडक्यांतून फोटो काढत होती. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

परीक्षक एक अक्षर बोलले नाहीत. आग निवळू दिली, दाब चढला, गाडी निघाली. शेडमध्ये आल्यावर म्हणाले, "चहा टाक." मग सांगितलं की पाणी चढ सुरू व्हायच्या आधी भरून ठेवायचं, कोळसा थोडा थोडा पण वरचेवर, कोपऱ्यांत आधी. आणि काचेवर आंधळा विश्वास नको: चढावर, धुराडं पुढे असलं तर पाणी मागे सरकतं आणि काच जास्त दाखवते. माथा ओलांडून उतार लागला की तीच काच एकदम रिकामी वाटते, आणि भट्टीचा माथा तेव्हाच उघडा पडायची भीती.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली ती पुढच्या हंगामात. पाऊस, रूळ ओले, चाकं घसरत होती, तरी माथ्यावर पोचलो तेव्हा काटा लाल रेघेच्या जरासा खाली आणि धूर जेमतेम करडा. परीक्षकांनी माझ्या वहीवर काजळलेल्या बोटानं सही केली.

आईला फोन लावला. "पगार किती?"

"काही नाही."

"आणि पेट्रोल?"

"माझंच."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "घरचा बंब मात्र कधी वेळेवर पेटवला नाहीस."