हार्डविक हॉल : भिंतींपेक्षा काचाच अधिक

आज इंग्लंडच्या डर्बीशायरमधील हार्डविक हॉल हा वाडा सावकाश पाहता आला. दगडी वाडा म्हटला की जाड भिंती आणि बेताच्या खिडक्या डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र दर्शनी बाजू जवळजवळ सगळी काचेने व्यापलेली आहे. बेस ऑफ हार्डविक या अतिश्रीमंत विधवेने १५९० ते १५९७ या काळात हा वाडा बांधून घेतला. आराखडा रॉबर्ट स्मिथसन यांचा मानला जातो. काच तेव्हा अतिशय महाग होती, त्यामुळे खिडकी हे ऐश्वर्य मिरवण्याचेच साधन होते. एवढ्या खिडक्या पाडूनही इमारत उभी राहते, कारण धुराड्यांचा पसारा बाहेरच्या भिंतींत न ठेवता आतल्या भिंतींत घेतला आहे.

वालुकाश्म याच टेकडीचा. जवळून पाहिले, तर खिडक्यांचे उभे-आडवे दगडी दांडे आश्चर्य वाटावे इतके सडपातळ आहेत आणि त्यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे लहान तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत चमकतात. मजला चढत जावे तशा खिडक्याही उंच होतात, कारण सर्वांत मानाची दालने सर्वांत वर आहेत. तेथे नेणारा रुंद दगडी जिना मला साऱ्या वाड्यात सर्वाधिक आवडला.

सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर बेसबाईंची 'ई. एस.' (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरे दगडात कोरलेली आहेत. संकोच हा त्यांचा स्वभाव नसावा! हिवाळ्यात मात्र या काचांमुळे दालने चांगलीच गारठत असणार, म्हणून भिंतींवरचे लोकरीत चित्रे विणलेले पडदे केवळ शोभेसाठी नव्हते.