हा कार्बन नक्की कुठला?

शनिवार, रात्री

दुपारी मफल फर्नेसमधून, म्हणजे विजेच्या बंद भट्टीतून, युरियाची मूस काढली. ५५० अंशांवर युरियाचा बराचसा भाग अमोनिया वगैरे होऊन उडून जातो. तळाशी उरते ती फिकट पिवळी, फुंकरीनेही उडेल अशी पूड, म्हणजे ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करायला आम्ही ती उत्प्रेरक म्हणून वापरतो. तिचा तो पिवळेपणा मला फार आवडतो. ती निळा प्रकाश शोषते म्हणूनच तशी दिसते. याच कामासाठी वापरला जाणारा टायटॅनियम डायऑक्साइड पांढराशुभ्र असतो. त्याला अतिनील किरणंच लागतात आणि सूर्यप्रकाशात ती जेमतेम पाच टक्के.

जपानमध्ये इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी १९७९ साली अर्धवाहकांची पूड पाण्यात कालवली, कार्बन डायऑक्साइड सोडला आणि वर प्रकाश टाकला. फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल, थोडा मिथेन मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. तेव्हापासून अडचण तीच आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सहजी बदलत नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी दोन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, मिथेनसाठी आठ. तेवढे जमेपर्यंत प्रकाशाने सुटे झालेले बहुतेक इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या जागी परत पडतात, नाहीतर पाण्यापासून हायड्रोजन बनवण्यातच खर्च होतात.

आज मात्र मन दुसरीकडेच अडकलंय. वायू वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफवर कार्बन मोनॉक्साइडचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आला, सुरेख आला. मग कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन, म्हणजे कार्बन नसलेला निष्क्रिय वायू, भरून तोच प्रयोग लावला, तर तिथेही बारीकसा पीक! पुडीत मुळातच कार्बन आहे. शिवाय अर्धवट भाजलेला युरिया, धुताना राहिलेलं इथेनॉल, झडपेचं ग्रीस, यातल्या कशातूनही तो येऊ शकतो. आपलं उत्पन्न मायक्रोमोलमध्ये. तिथे एवढीशी घाणही पुरते. आरगॉनची आणि अंधारातली चाचणी न देता नुसते मोठे आकडे छापलेले पेपर वाचले की मला खरंच वाईट वाटतं. पुढचा विद्यार्थी त्याच आकड्यांच्या मागे धावतो.

खरी कसोटी कार्बन-१३ ची, म्हणजे नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा जड कार्बनची. त्या कार्बनचा डायऑक्साइड भरायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन मोनॉक्साइडचं वस्तुमान २९ येतं का ते बघायचं. नुसत्या २८ वर विसंबता येत नाही, हवेतल्या नायट्रोजनचंही तेवढंच. तो वायू महाग आहे, वाया घालवायचा नाही.

म्हणून उद्या पूड पुन्हा धुवायची, निर्वातात तापवायची आणि आरगॉनखाली परत लावायची. तो पीक गेला तरच कार्बन-१३ ची बाटली जोडणार. सरांना तसं कळवलंय.