सोल्डरिंगसाठी तिसरा हात, आणि त्याची एक करंगळी

परवा एका सर्किट बोर्डवर ०८०५ साइजचा एलईडी लावत होते, म्हणजे २ बाय सव्वा मिलिमीटरचा कण, उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात सोल्डरची (वितळवून जोड द्यायच्या मिश्रधातूची) तार, आणि एलईडी धरणार कोण? तार दातात धरून पण बघितली (नका करू, त्यात शिसं असतं). एलईडी आयर्नच्या बिटला, म्हणजे तापलेल्या टोकाला, चिकटून वर आला, मी हात झटकला, तो जो उडाला तो अजून सापडलेला नाही.

मग म्हटलं बास, वस्तू धरून ठेवणारा स्टँड, म्हणजे तिसरा हात, करूच. लाकडी ठोकळा घेतला, त्यात दोन भोकं, भोकात हाताने वाकेल अशी तांब्याची जाड सिंगल कोअर तार, टोकाला क्रोकोडाइल क्लिपा. ठोकळा हलका असेल तर सगळं तोंडावर पडतं, म्हणून खाली लोखंडी पट्टी ठोकली. क्लिपच्या दातांवर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवाच, नाहीतर क्लिप वायरला चावते तर चावते, वर जॉइंटची उष्णता पण पिऊन टाकते. आणि तीच तार त्याच जागी रोज वाकवली की तांबं कडक होत जातं आणि एक दिवस कट्कन तुटतं, माझी एक तुटलीच.

वायरला वायर जोडायला हे मस्त. पण बारीक पार्टला क्लिपचा काही उपयोग नाही हो, तिथे धरायचं नसतं, वरून दाबायचं असतं. ६०-४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० पासून १८३ अंशांपर्यंत उतरताना ना धड पातळ ना धड घट्ट असते, तेवढ्यात पार्ट जरा जरी हलला तरी जॉइंट दाणेदार आणि मळकट होतो, कधी कधी आतून तडकलेला पण.

म्हणून एक आडवी दांडी केली, हीच ती करंगळी, मागचं टोक ठोकळ्यावरच्या हुकात सैल, पुढचं टोक खाली वाकवलेलं आणि त्याच्या वर दोन-तीन नट ओवलेले, वजनाला. टोकाला आधी शिवणाची सुई लावली होती, ती पार्टसकट पॅडला (पार्ट जिथे जोडतात त्या बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्याला) सोल्डर झाली 😅 आता सायकलचा स्टेनलेसचा स्पोक कानशीने घासून टोकदार केलाय, त्याला साध्या फ्लक्सने (सोल्डर नीट पसरून धरावी म्हणून लावतात ते रसायन) सोल्डर धरत नाही.

तरी पार्ट सरकायचा. दांडी टेकवली की एलईडी हळूच ठोकळ्याकडे. दोन संध्याकाळी मी वजन कमी-जास्त करत बसले आणि चूक निघाली भलतीकडेच, हूक खूप वर होता. टोक गोलात फिरत खाली येतं ना, हूक उंच असला की शेवटी ते आत ओढत येतं. हूक बोर्डच्याच उंचीला आणला, आता टोक टेकताना सरळ खाली उतरतं आणि सोल्डर वितळली की पार्टला पॅडवर सपाट बसवतं. फक्त एलईडीच्या पिवळ्या लेन्सवर टेकवू नका, खड्डा पडतो, कडेला टेकवा.

भिंग पण याच दांडीवर बसवणार होते, पण मग सगळं वजन परत जुळवत बसा, त्यापेक्षा त्याला वेगळा ठोकळा.