दोन वाजताची रिकामी चौकट

नागरिकत्व मिळाल्यावर दीड वर्षाने मला ज्युरीचं बोलावणं आलं. न्यू जर्सीतलं मिडलसेक्स काउंटीचं कोर्ट, दिवाणी खटला. दुकानात ओल्या फरशीवर पाय घसरून एका बाईचं मनगट मोडलं होतं. बाई शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची.

खरं सांगते, माझं मत आधीच बनलेलं होतं. ‘अमेरिकेत अंगावर कॉफी सांडली तरी लाखो डॉलर मिळतात’ हे मी पुण्यात असल्यापासून ऐकत आले होते.

तिसऱ्या दिवशी बाईच्या वकिलाने दुकानाचा साफसफाईचा तक्ता पडद्यावर लावला. दर तासाला फरशी कोणी पाहिली, त्याची सही. सकाळपासूनच्या सगळ्या चौकटी भरलेल्या, फक्त दोनची रिकामी. बाई पडली दोन वाजून वीस मिनिटांनी. वकील काहीच बोलला नाही. आम्हाला ते नीट वाचू दिलं.

मग त्याने बाईला विचारलं, सकाळी सगळ्यात अवघड काय जातं? ती म्हणाली, “मुलीची वेणी.” केस तीन पेडांत धरता येतात, पण पीळ घट्ट बसत नाही. ‘स्वतःला हिच्या जागी ठेवून बघा’ असं ज्युरीला म्हणायला वकिलाला इथे बंदी आहे. म्हणून दुखणं असं वेणीतून, कढईच्या कानांतून समोर आणावं लागतं. ते काम त्याने फार मन लावून केलं.

दुकानाचा वकीलही कच्चा नव्हता. ती चालताना फोन बघत होती, हे त्याने तिच्याच तोंडून वदवलं. आम्ही सहा जण. त्यातल्या पाच जणांचं एकमत लागतं. तिची चूक निम्म्याहून जास्त ठरली असती तर तिला काहीच मिळालं नसतं. आम्ही 20 टक्के धरली आणि भरपाई तेवढी कमी झाली.

खटला चालू असताना बाहेरचं काही वाचायला मनाई होती. संपल्यावर मी ती कॉफीची केस शोधली. 1992, अल्बुकर्की. 79 वर्षांच्या स्टेला लीबेक. खोलवर भाजलं, दुसरीकडची कातडी लावावी लागली, आठ दिवस हॉस्पिटल. त्यांनी 20,000 डॉलर मागितले, मॅकडॉनल्ड्सने 800 देऊ केले. कंपनीकडे भाजल्याच्या 700 तक्रारी आधीच होत्या. त्या ज्युरीनेही लीबेकबाईंची 20 टक्के चूक धरली होती. कंपनीला लावलेल्या दंडाचे 27 लाख डॉलर न्यायाधीशांनी 4 लाख 80 हजारांवर आणले, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

अशा खटल्यात वकील जिंकला तरच फी घेतो. न्यू जर्सीत भरपाईच्या पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत जास्तीत जास्त एक तृतीयांश. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी असा वाटा घेता येत नाही. पण तासाच्या दराने वकील लावणं त्या बाईला कसं जमलं असतं?

आई-बाबा इकडे येणार असतील तर एवढं सांगून ठेवा. दुकानात पडलात तर “काही नाही झालं” म्हणत लगेच निघू नका. मॅनेजरकडून नोंद करून घ्या, फरशीचा फोटो काढा. इथे साधारणपणे दावा लावायची मुदत 2 वर्षं असते.