आप्पांचा कॉम्प्युटर

शनिवार, रात्री सव्वाबारा

आप्पांचा कॉम्प्युटर गुरुवारी संध्याकाळी बंद पडला तो पडलाच. बटण दाबलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची अक्षरं येतात, ठिपके गोल गोल फिरतात, मग काळा पडदा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आई शेजारी उभी होती. "त्यांचं सगळं गेलं का गं त्यात?" एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

सांगलीच्या गावभागातल्या या घराच्या पुढच्या खोलीत आप्पांनी पंचवीसेक वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, कुस्ती मैदानाची हँडबिलं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ ची), तेव्हा कपाटाला हात लावायच्या आधी त्यांनी सीपीयूच्या वायरी सोडवल्या, तो रजईत गुंडाळला आणि माडीवर नेऊन ठेवला. फोटोंचे अल्बम खालीच राहिले आणि गेले. त्या पुरानंतर ते रोज तिन्हीसांजेला स्वतःसाठी लिहायला बसायचे. आता आप्पा नाहीत, आणि ते लिखाण या एकाच मशीनवर आहे.

काल दुकानात नेला. "फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही," ऐकलं आणि तसाच उचलून रिक्षात घालून परत आणला.

रात्री पुण्याहून भावाचा फोन. त्याचा पहिला प्रश्न, "ताई, हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो का?" नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तसा आवाज येत असता तर मशीन पुन्हा चालू करायचं नाही, असं त्यानं बजावलं. विंडोज बिघडलं म्हणजे आप्पांच्या फायली बिघडल्या असं नाही, डिस्क शाबूत असेल तर त्या जिथल्या तिथं आहेत. म्हणून आधी फायली बाहेर काढायच्या, दुरुस्तीचं नंतर बघायचं.

आज माझ्या लॅपटॉपवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चढवलं. आप्पांचं मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू केलं. हार्ड डिस्कवर काही इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. दोन मिनिटांत हिरवट पडदा आला, डिस्कवर क्लिक केलं, आणि आप्पांचे फोल्डर समोर! 'पत्रिका', 'बिलबुक', 'मैदान'. मी आईला हाक मारली.

आमची समजूत होती की काम 'डी'मध्ये ठेवलं की काळजी नाही. विंडोज नव्यानं टाकताना नीट 'सी'च निवडलं तर 'डी'ला धक्का लागत नाही हे खरं, पण 'सी' आणि 'डी' एकाच डिस्कचे दोन कप्पे. डिस्क गेली तर दोन्ही गेले. शिवाय आप्पांचं सगळं 'डी'मध्ये नव्हतंच. त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचं फोल्डर, 'माझे', निघालं डेस्कटॉपवर, म्हणजे 'सी'त. 'डी'तलं सगळं आणि 'सी'च्या युजर्समधलं त्यांच्या नावाचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतलं. एकूण ३८ जीबी, पावणेदोन तास लागले.

मग लॅपटॉपवर एक फाइल उघडून पाहिली आणि पोटात गोळा आला. मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टोप्या घातलेले स्वर. फाइल बिघडली असंच वाटलं. भाऊ म्हणाला, "फॉन्ट घेतलेस का?"

घेतले नव्हते. आता युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आप्पांच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये तसं नाही, तिथं इंग्रजी अक्षराच्याच जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. आणि हे फॉन्ट असतात 'सी'मध्ये, विंडोजच्याच पोटातल्या फॉन्ट्स फोल्डरात. मी उद्या बेधडक 'सी' पुसून मोकळी झाले असते तर आप्पांची प्रत्येक फाइल माझ्याजवळ राहिली असती आणि एकही वाचता आली नसती. ते फोल्डर पूर्ण उचललं. आता झोप येईल असं वाटतं.

रविवार, रात्री अकरा

सकाळी विंडोज टाकायला बसले. 'रिसेट'मध्ये 'माझ्या फायली ठेवा' असा पर्याय असतो. त्यात फायली राहतात, पण नंतर टाकलेली सगळी सॉफ्टवेअर्स जातात. आमच्याकडे तो अर्ध्यावर अडकला, म्हणून पेनड्राइव्हवरूनच नव्यानं टाकायचं ठरलं. मशीन जुनं, विंडोज ११ ला चालत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तरी तेच टाकलं. एकदा लायसन्ससाठी नेट जोडायचं, मग काढून ठेवायचं. प्रॉडक्ट की विचारली तेव्हा 'नाही' म्हटलं. लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असल्यामुळे नंतर आपोआप लागलं.

सुरू करण्याआधी कॉपी घेतलेली डिस्क काढून आईच्या हातात दिली. पुढच्या पडद्यावर 'सी', 'डी' अशी नावं दिसत नाहीत, नुसते पार्टिशन (म्हणजे कप्पे) एक, दोन, तीन, चार. ओळखायचं ते आकारावरून. कालच कागदावर आकार लिहून ठेवले होते म्हणून निभावलं. 'फॉरमॅट' आणि 'डिलीट' ही बटणं तिथंच हाताशी असतात. त्यांना न शिवता 'सी'चं पार्टिशन निवडलं, तेव्हा जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात जाईल अशी सूचना आली. हा आणखी एक आधार, पण त्यावर फार दिवस विसंबू नये. ते फोल्डर विंडोज आपण होऊन काढून टाकू शकतं.

जाता जाता भावानं माझ्या लॅपटॉपचंही तपासायला लावलं. त्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू निघालं. उद्या विंडोज असंच बिघडलं आणि ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर माझ्याच फायली मला उघडणार नाहीत. ती की या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे. पुढच्या आठवड्यात तो येईल तेव्हा आप्पांच्या फायलींची एक प्रत पुण्याला नेईल. दोन्ही प्रती गावभागातच ठेवायला मन घेत नाही.

संध्याकाळी फॉन्ट टाकले आणि 'माझे'मधली पुराची फाइल उघडली. एका क्षणात त्या कंसांचे आणि टोप्यांचे काने, मात्रा, वेलांट्या झाल्या. आईला वाचून दाखवली.

"पहाटे पाणी जोत्याला लागलं. मी माडीवरून पाहत होतो."

"पहाटे कुठलं," आई म्हणाली, "रात्रीच लागलं होतं. हे झोपले होते, मीच उठवलं. वाच पुढं."