सोमवारचा मासा आणि न झालेला सिनेमा

सोमवार, रात्री उशिरा

अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनचं ‘किचन कॉन्फिडेन्शियल’, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातल्या आठवणींचं पुस्तक, पुन्हा चाळलं. एप्रिल १९९९मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात त्याचा लेख आला, २०००मध्ये पुस्तक. तेव्हा तो न्यूयॉर्कच्या ‘ले आल’ या रेस्टॉरंटचा मुख्य शेफ होता. पुस्तक तुफान खपलं. लगेच न्यू लाइन हा स्टुडिओ, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, नट ब्रॅड पिट अशी भारी नावं जोडली गेली, सिनेमाचं ‘सीअर्ड’ हे नावही ठरलं. सिनेमा काही आला नाही.

‘हक्क घेतले’ अशी बातमी आली की आपल्याला वाटतं, झाला सौदा. प्रत्यक्षात आधी असतो तो इसार, त्यांच्या भाषेत ऑप्शन. मुदत साधारण वर्ष-दीड वर्ष, रक्कम बहुधा पुऱ्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यात पटकथा, दिग्दर्शक, नट आणि पैसा यांची मोट बांधायची. एकाच्या तारखा हुकल्या की बाकीचे पांगतात. मुदत वाढवली नाही तर हक्क लेखकाकडे परत. दुसऱ्या स्टुडिओनं तोच प्रकल्प उचलायचा म्हटला, तर पहिल्यानं पटकथेवर केलेला खर्च आधी चुकवावा लागतो. त्यामुळे जुनं बाड जितकं महाग, तितकं ते उचलायला कोणी धजत नाही.

पण पैसा जुळला तरी हे पुस्तक पटकथेत बसवणं अवघडच. त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट घ्या: सोमवारी हॉटेलात मासा मागवू नका. यात ना नायक ना खलनायक. आहे ते मालाचं वेळापत्रक. शेफ गुरुवारी ऑर्डर देतो, मासा शुक्रवारी सकाळी येतो, तोच शुक्रवार-शनिवारची गर्दी भागवतो. शनिवार-रविवार फुल्टनचा, म्हणजे न्यूयॉर्कचा घाऊक मासळीबाजार, तेव्हा बंद असे. म्हणजे सोमवारी ताटात येतो तो उरलेला, चार दिवसांचा. त्यात कामाच्या ओट्याखालचा फ्रीज दर मिनिटाला उघडतो, त्यातच कोंबडी, त्यातच मटण. वाचताना अंगावर काटा येतो. पडद्यावर मात्र एक माणूस फोनवर ऑर्डर देतोय, एवढंच दिसेल. (पुढे त्यानंच सांगितलं की आता पुरवठा सुधारलाय, सोमवारीही खुशाल खा. पण लोकांनी लक्षात ठेवलं ते पहिलंच.)

मीज-आं-प्लास, म्हणजे धंद्याच्या वेळेआधीची मांडामांड, यावर तो ज्या पोटतिडकीनं लिहितो तेही तसंच. मीठ, भरड मिरी, मऊ केलेलं लोणी, तेल, वाइन, सगळं हाताच्या अंतरावर आणि जागच्या जागी. शेजारी घडी घातलेल्या कोरड्या फडक्यांची चळत. फडकी कोरडीच का? भट्टीतून काढलेल्या पॅनचा दांडा ओल्या फडक्यानं धरला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि तळहात भाजतो. म्हणून स्वयंपाकी फडकी लपवून ठेवतात आणि दुसऱ्यानं उचललं की भांडण जुंपतं. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातलं सिनेमाला सगळ्यात सोयीचं दृश्य हेच: एक फडकं, दोन माणसं, तापलेलं पॅन.

एकाच टेबलाची ऑर्डर बघा. पूर्ण शिजलेला जाड स्टेक पंधरा मिनिटं घेतो, माशाचा तुकडा पाच-सहा. दोन्ही एकदम लावले तर मासा ताटं गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली वाळत पडणार. म्हणून स्टेक आधी, मासा मागून, आणि मधल्या वेळात दुसऱ्या सहा टेबलांचं गणित डोक्यात. हा ताल दाखवायला सलग, न कापलेलं चित्रीकरण हवं. पण त्यात पदार्थ खरोखर शिजतो, आणि प्रत्येक रिटेकला नवा स्टेक, नवा मासा लागतो. निर्माता इथे हिशेब मांडायला बसतो.

शेवटी २००५मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर याच पुस्तकावरून अर्ध्या तासाची विनोदी मालिका आली. ब्रॅडली कूपर नायक, आणि बोर्डेनचा झाला ‘जॅक बोर्डेन’. तेरा भाग तयार झाले, चार दाखवून मालिका गुंडाळली. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात उरतात बावीस मिनिटं. तेवढ्यात प्रेमप्रकरण, विनोद आणि शेवटचा समेट बसवायचा, मग मांडामांडीला जागा कुठली?

मला अजून वाटतं, सिनेमासाठी बोर्डेनची जन्मापासूनची कहाणी घ्यायलाच नको. पुस्तकात एका दिवसाचं प्रकरण आहे, पहाटे डोळे उघडल्यापासून रात्री उशिरापर्यंतचं. मासेवाल्याशी घासाघीस, कोण आलं कोण नाही, दुपारची गर्दी, रात्रीची त्याहून मोठी. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरला तर हे प्रकरण शंभर पानांत आरामात मावतं.